जनकाबाईचं पथ्य

डोणगावात बसस्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभा आहे आणि इतक्या वर्षांत एक वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय : "आसिफभाऊ, ताकदीचं काही द्या ना." ताप उतरला, ताकदीचं द्या. बाळंतीण घरी आली, ताकदीचं द्या. पोरगी दहावीला बसली, तिलाही ताकदीचं. मी चिडतो, चार शब्द सुनावतो आणि शेवटी डबा काढून देतो, कारण मी नाही दिला तर पलीकडचा देणारच आहे. माझी बायको मुबीना म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. नसेल. पण जनकाबाईनं माझ्याकडे ताकदीचं म्हणून एकदाच काही मागितलं, आणि तेव्हा मी चिडलो नाही. हसलो. त्या हसण्याबद्दल लिहायला बसलोय.

जनकाबाई आमच्या मागच्या वस्तीत राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, उसळ-खिचडी शिजवायची, वाढायची आणि दुपारी पुन्हा ज्याचं त्याला घरी पोचवायचं, असं तिचं काम. महिन्यातून एकदा लेकरांची वजनं होतात. सेविका पूनमताई आकडा लिहिते, पण हातपाय झाडणाऱ्या पोराला काट्यावर बसवायचं काम जनकाबाईचं. आकडा घसरला की त्या पोराच्या आईची खैर नसायची. "काऊन वं, नुसते बिस्किटं चारून राह्यली काय याले? डाळ दे, अंडं दे. अंगावर मांस कशानं येईन, चहानं?" असं ती भर रस्त्यात विचारायची. बायका तिला पाहून गल्ली बदलत. मला ती आवडायची, कारण गावात माझ्याइतकं तोंड चालवणारं दुसरं माणूस तीच होती.

नवरा माणिकराव तिच्या अगदी उलट. गवंडीकाम करायचे. डोणगावातल्या कितीतरी भिंतींना त्यांचा हात लागलाय, माझ्या दुकानाचा गिलावाही त्यांचाच. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. ओणवं राहून राहून कंबर धरायची, आणि कंबर धरली की दुकानात येऊन दुखण्याच्या गोळ्या घेऊन जायचे. बीपी होतं, त्याची गोळी मात्र आठवली तर. पुढे मूत्रपिंडाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या?" तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. माणिकराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेतल्या थोड्याफार." त्या थोड्याफार कोणाच्या दुकानातून गेल्या हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तो माणूस माझी अब्रू राखून गेला. मला अजून त्याची लाज वाटते.

हे तीन वर्षांपूर्वीचं. पायावर सूज आली, तोंडाची चव गेली, वीट उचलली की दम लागायला लागला. मेहकरला रक्त तपासलं, तिथून औरंगाबादला पाठवलं. दोन्ही मूत्रपिंडं आकसली होती, कामाची ताकद पाचव्या हिश्शाइतकी उरली होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं : आज ना उद्या डायलिसिस किंवा दुसऱ्याचं मूत्रपिंड. पण पथ्य कडक पाळलं आणि सोबत गोळ्या घेतल्या तर ती वेळ पुढे ढकलता येईल. तोवर देणारा शोधून ठेवा, म्हणजे मशीनवर न जाता थेट ऑपरेशनच करू.

देणारा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माणिकरावांचे भाऊ शेषराव यांना त्याच आठवड्यात छातीत धडधड सुरू झाली, त्यामुळे त्यांचं नाव आपोआप गळालं. लेक सारिका साखरखेर्ड्याला दिलेली. तिचा रक्तगट जुळला नाही, आणि जुळला असता तरी जनकाबाईनं हात लावू दिला नसता. मग तिचं स्वतःचं रक्त तपासलं. जुळलं. सगळ्या तपासण्या झाल्या. वजन एक्कावन्न किलो, रक्त भरपूर, मूत्रपिंडं ठणठणीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळ येईल तेव्हा बोलावू. तोवर तब्येत अशीच ठेवा." परतीच्या बसमध्ये जनकाबाई सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "पाह्यलं भाऊ? चाळीस वर्स यायचं खाल्लं, आता यायले परत देऊन राह्यली." माणिकराव खिडकीबाहेर बघत राहिले, पण हसत होते.

गोळ्या मी अकोल्याहून मागवायचो. लांबट, पिवळ्या, जेवणासोबत चार-चार, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी दोघं नवरा-बायको काउंटरवर उभे राहिले आणि माणिकरावांनी विचारलं, "डाळ बंद, अंडं बंद, मटन बंद, आन् वरून गोळ्या. हे काय गणित हाये?" मला समजावून सांगायची हौस फार. मी म्हटलं, मिस्त्री, डाळ-अंडं-मटण म्हणजे विटा समजा. शरीर रोज कुठेतरी भिंत बांधत असतं. विटा वापरल्या की तुकडे उरतात, राडारोडा उरतो. तो बाहेर टाकणारा गडी म्हणजे मूत्रपिंड. तुमचा गडी थकला, राडारोडा घरातच साठून राहिला. म्हणून आता विटाच कमी आणायच्या. पण विटा आणल्याच नाहीत तर भिंत ढासळेल, म्हणून या गोळ्या. या गोळ्या पडलेल्या तुकड्यांतूनच नवी वीट पाडतात. कचराही कमी आणि भिंतही उभी. माणिकरावांना ते लगेच पटलं. डॉक्टरनं सांगितलेलं पटत नव्हतं, विटांचं पटलं.

जनकाबाई मात्र विचार करत होती. ती म्हणाली, "आन् ज्याची किडनी चांगली हाये, त्यानं असंच जेवन केलं तं?"

मी गंमतीत म्हटलं, "तं काय, किडनीले सुट्टी!"

"मंग त्याले बी हे गोळ्या लागतीन काय? मले द्यान का थोड्या?"

तेव्हा मी हसलो. "तुमाले कायच्या गोळ्या, वहिनी? तुमी तं धडधाकट. गिऱ्हाईक वाढवू नका माहं." तीही हसली. मागे तापाच्या पोरीची आई उभी होती, मी तिच्याकडे वळलो. जनकाबाईनं ते का विचारलं, हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते दिलं नाही.

मग घरात पथ्य सुरू झालं. पथ्य म्हणजे काय हे मी अनेक घरांत बघितलंय : चार दिवस कौतुक, पाचव्या दिवशी "एवढ्यानं काय होतं" म्हणून भजी. जनकाबाईनं तसं केलं नाही. दुधी, दोडका बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायची, मग शिजवायची. भात वाटीनं मोजायची. पोळी छोटी लाटायची. मीठ चिमटीनं नाही, नखानं घालायची म्हटलं तरी चालेल. ताट वाढून झालं की गोळ्यांचं पाकीट उघडून चार गोळ्या ताटाच्या कडेला ठेवायची आणि त्या गिळल्या जाईपर्यंत नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

भेटायला येणारे पाहुणे हा वेगळा ताप. आपल्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटत नाहीत. कोणी शहाळं आणायचं, कोणी केळी, कोणी खजूर. किडनीच्या रोग्याला नेमकं नको असलेलं सगळं. धडधडीतून बरे झालेले शेषराव तर ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, दादा किती वाळला पाहा, तुमी त्याले उपाशी मारून राह्यल्या." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? जनकाबाईनं त्यांच्यासमोर डबा उचलला, तडक माझ्या दुकानात आणून ठेवला आणि म्हणाली, "हे जहर वापस घ्या, भाऊ." मी तिची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली.

आणि पथ्य लागू पडत होतं! दर दोन महिन्यांनी रिपोर्ट यायचा, मी तो वाचायचो. क्रिएटिनिनचा, म्हणजे रक्तात साठलेल्या राडारोड्याचा आकडा जागेवर अडून होता. एक वर्ष गेलं, दीड गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढं नेटानं पाळणारं घर त्यांनी क्वचित पाहिलं. मला असा अभिमान वाटायचा की जणू मीच स्वयंपाक करतोय.

एकदा दुपारी गोळ्या पोचवायला त्यांच्या घरी गेलो. माणिकराव जेवून भिंतीला टेकले होते. जनकाबाई नेहमीप्रमाणे मागून जेवायला बसली होती. तिच्या ताटात तोच पांढरा भात, तीच पाणी काढलेली दुधीची भाजी, तीच इवलीशी पोळी. डाळ नाही, ताक नाही, शेंगदाण्याची चटणीसुद्धा नाही. मी विचारलं, "तुमीबी हेच?" ती म्हणाली, "एका घरात दोन पातेले कायले?" आणि मी काय केलं? घरी येऊन मुबीनाला ऐकवलं, "संसार असा असतो. नवऱ्याला मिळत नाही ते बायको तोंडात घालत नाही. शिका काही."

मुबीना भांडी घासत होती. ती मागे न वळता म्हणाली, "उनकी चूडियां देखी आपने? मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जाते. केस केवढे गेले. आणि पाय सुजलेत." मी म्हटलं, वय झालं. मुबीना म्हणाली, मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मी टीव्ही लावला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जी बाई गावातल्या लेकरांचं वजन पाव किलोनं घसरलं तरी आयांना फाडून खायची, ती स्वतः त्या काट्याजवळ रोज उभी होती आणि तिला कोणी म्हणालं नाही की बाई, जरा चढ याच्यावर. अंगणवाडीतली उसळही ती चाखून थुंकत असे, हे पूनमताईनं मला फार नंतर सांगितलं. एकदा पाण्याची बादली उचलताना चक्कर येऊन पडली होती, तेव्हा ऊन लागलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सगळं गाव रोग्याकडे बघत होतं. मीही.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आकडा हलला. दोन महिन्यांत भराभर चढला. गणपती उठल्यावर डॉक्टरबाईंनी बोलावून सांगितलं, आता थांबण्यात अर्थ नाही, मशीनची वेळ येण्याआधी ऑपरेशन करू. देणाऱ्याच्या शेवटच्या तपासण्या करून घ्या. दिवसभर जनकाबाईच्या तपासण्या झाल्या. संध्याकाळी आम्ही चौघं डॉक्टरबाईंच्या खोलीत बसलो : माणिकराव, जनकाबाई, मी, आणि मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू घेतलेली सारिका. जनकाबाईनं नवी साडी नेसली होती.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले. मग विचारलं, "हे रिपोर्ट माणिकरावांचे आहेत ना?"

"नाही," मी म्हणालो, "यांचे आहेत. देणाऱ्याचे."

वजन अडतीस किलो. रक्त आठवर आलेलं. रक्तातलं प्रथिन इतकं खाली की पायात पाणी उतरलं होतं. मुबीनाला दिसलेली सूज ती हीच. डॉक्टरबाईंना आधी वाटलं आतून काही मोठा आजार आहे. त्यांनी दहा प्रश्न विचारले. शेवटी विचारलं, "तुम्ही जेवता काय?"

जनकाबाईनं ताठ बसून सांगितलं. सगळं सांगितलं. भाजीचं पाणी फेकते हेही सांगितलं. दोन वर्षं डाळीचा दाणा, अंड्याचा तुकडा तोंडात घातला नाही असं अभिमानानं सांगितलं.

"पण का? तुम्हाला काय झालंय?"

"मले काही नाही झालं, मॅडम. पन माही किडनी यायच्या पोटात जानार हाये ना? तिले हेच जेवन भेटनार. आतापासूनच सवय नको काय तिले? आन् आरामबी भेटला पाहिजे, तशी थकलेली कशी द्याची?" मग सारिकाकडे हात करून म्हणाली, "हिच्या दूधपित्या लेकराचं पोट बिघडलं तं पथ्य कोन करते? मायच करते ना? लेकरू थोडी करते. ज्याच्या अंगातून जाते त्यानंच पथ्य करावं लागते."

डॉक्टरबाई चिडतील असं मला वाटलं, पण त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात समजावलं. नवं मूत्रपिंड बसलं की माणिकरावांनाही डाळ-अंडी चालली असती. मूत्रपिंडाला सवय लागत नसते. ते पथ्य रोग्याचं होतं, आणि रोग्यालाही गोळ्या होत्या म्हणून ते सोसलं. तुमच्या अंगाला विटाही नाहीत आणि गोळ्याही नाहीत. दोन वर्षं तुमचं शरीर स्वतःच्याच भिंती पाडून खातंय. अशा बाईवर मी ऑपरेशन करू शकत नाही, टेबलवर काही झालं तर? चार महिने नीट खा. जानेवारीच्या सोळा तारखेला परत तपासू.

"चार महिने हे थांबतीन?" जनकाबाईनं विचारलं.

"मशीनवर ठेवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या होय म्हणाल्या नाहीत.

किडनीला सुट्टी हे मी म्हणालो होतो, गोळ्या मागितल्या तेव्हा हसलो होतो. हे मी त्या खोलीत सांगायला हवं होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. जनकाबाईनंही माझं नाव घेतलं नाही. नवऱ्यानं एकदा माझी अब्रू राखली होती, त्या दिवशी बायकोनं राखली.

परतीच्या प्रवासात जालना आलं. तिथे माणिकराव एकदम बोलायला लागले, आणि मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुले कोनं सांगतलं होतं? मले इचारलं काऊन नाही? सारिकाची माय, तू मले वाचवून राह्यली होती का मारून राह्यली होती?" ती रडत नव्हती, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. थोड्या वेळानं तेच खाली बघून मला म्हणाले, "आसिफभाऊ, दोन वर्स मी तिच्या समोर जेवलो. ते माह्या तोंडाकडं पाहे. मी एक डाव तिच्या ताटात नाही पाह्यलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात उलटं सुरू झालं. माणिकराव सकाळी उठून स्वतः स्टोव्ह पेटवायचे, दोन अंडी उकडायचे, सोलायचे आणि ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवायचे. गवंड्याचे ते जाडजूड हात, आणि अंड्याचं टरफल मात्र एवढं अलगद काढायचे. जनकाबाईला पहिला घास गेला नाही. उलटी झाली. दोन वर्षं जे जहर म्हणून हाकललं होतं ते तिच्या गळ्याखाली उतरेना. "हे माह्या पोटात गेलं तं ते खराब होईन," असं म्हणायची. कितीही समजावलं तरी तिच्या डोक्यातून ते पुरतं गेलं नाही. पण नवरा समोर बसायचा म्हणून डोळे मिटून गिळायची. मी दुकानातून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, मुबीना रोज डाळ आणि खिमा पाठवायची. एका दुपारी मी मुबीनाला म्हटलं, तू सांगत होतीस. ती म्हणाली, "सांगून काय उपयोग झाला?"

ऑक्टोबरच्या शेवटी माणिकरावांना मशीनवर घ्यावं लागलं. गळ्यात नळी बसवली, आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला. पहाटेची बस धरायची, चार तास मशीनला टेकायचं, संध्याकाळी परत. आणि तिथे त्यांना सांगितलं की आता डाळ-अंडी खा, भरपूर खा. मशीन कचरा काढतं पण सोबत विटाही वाहून नेतं. जनकाबाई माझ्याकडे आली आणि विचारलं, "दोन वर्स खाऊ नका म्हने, आता खा म्हने. कोनतं खरं धरावं, भाऊ?" मी म्हटलं, दोन्ही खरं आहे, वहिनी. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली की मी गोळ्यांच्या बरण्या सरळ करायला लागलो.

नोव्हेंबर-डिसेंबर दोघं समोरासमोर बसून अंडी खायचे. तो तिच्या ताटाकडे बघायचा, ती त्याच्या. तिचं वजन वाढत होतं : चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. ती दर सोमवारी माझ्या दुकानातल्या काट्यावर चढायची आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवा म्हणायची. त्यांचं वजन मात्र फक्त पाण्यानं वाढायचं आणि मशीननं उतरायचं. दर वेळी बसमधून उतरताना ते आदल्या वेळेपेक्षा थोडे जास्त वाकलेले असत. तरी एकदा दुकानासमोर थांबून मला म्हणाले, "सव्वीस दिवस राह्यले." मी विचारलं, कशाला? म्हणाले, "सोळा तारखेले."

त्यांचे सव्वीस झाले नाहीत. नाताळच्या सुट्टीत, एका रविवारी दुपारी, जेवता जेवता त्यांना दम लागला. मी गाडी काढली. मेहकरच्या अलीकडेच जनकाबाई मागच्या सीटवरून म्हणाली, "भाऊ, हळू चालवा आता." मी आरशात पाहिलं. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि डोळे मिटवले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, अशा रोग्यांचं हृदय असं अचानक दगा देतं, त्यात कोणाचा दोष नसतो. दोष नसतो असं सांगणाऱ्या माणसाला मी नेहमी पैकीच्या पैकी गुण देतो, पण त्या दिवशी मला ते शब्द टोचले.

पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली. वंदना झाली, दोन-चार जण बोलले. शेषराव उभे राहून म्हणाले, वहिनींनी दादाची सेवा करण्यात कसूर ठेवली नाही, एवढं पथ्य कोणी पाळत नाही. लोकांनी माना डोलावल्या. जनकाबाई पुढच्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होती. तिचं तोंड भरल्यासारखं दिसत होतं, हात गोल झाले होते, गालांवर रंग आला होता. नवरा गेलेल्या बाईच्या अंगावर ते मांस बघितलं आणि मी चपला घालून बाहेर गेलो.

जानेवारीच्या सतरा तारखेला दुपारी ती दुकानात आली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. तिनं पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवले. "भाऊ, हे वाचा बरं."

औरंगाबादच्या दवाखान्याचे कागद होते. आदल्या दिवसाची तारीख.

"तुमी गेल्या होत्या?"

"तारीख देल्ली होती ना."

"एकल्या?"

"हाव. सारिका नको म्हने. पन तारीख होती."

मी कागद वाचले. वजन सेहेचाळीस. रक्त बाराला टेकलेलं. प्रथिनाचा आकडा जिथे हवा तिथे. शेवटच्या पानावर डॉक्टरबाईंची सही आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की या बाई मूत्रपिंड देण्यास योग्य आहेत. मी ती ओळ दोनदा वाचली, वर बघायचं टाळण्यासाठी. हिला खरं सांगितलं तर ही काय घेऊन घरी जाईल? जमत होतं आणि तीन आठवडे कमी पडले, हे? त्यापेक्षा जमणारच नव्हतं हे बरं. आयुष्यात एकदा तरी हिच्या ताटात काहीतरी चांगलं वाढावं असं मला मनापासून वाटलं.

"कमीच हाये, वहिनी," मी म्हणालो. "रक्तबी कमी, बाकीबी कमी. माणिकराव असते तरी ऑपरेशन नसतं झालं. तुमच्यानं काही चुकलं नाही."

जनकाबाईनं कागद घेतले, घडी पाडली आणि पिशवीत ठेवले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"मॅडमनं मले कालच सांगतलं, भाऊ," ती म्हणाली. "दोन्ही चांगल्या हायेत म्हने."

मग लेकरं घरी सोडायची वेळ झाली म्हणून ती अंगणवाडीकडे गेली.